बाबांच्या बाजूचा ब्रेक

खण्ण.

पाऊण तास थोपटून बाळ नुकतंच झोपलं होतं. मी पलंगापासून चोरपावलांनी निघून दारापर्यंत पोचले होते, एक पाय हवेत, एक जमिनीवर. मोठी (वय वर्षं पाच, आवाज पंचवीस माणसांचा) जमिनीवर पालथी पडून नुसत्या पिवळ्या पेन्सिलीनं चित्र रंगवत होती, कारण पिवळी पेन्सिल आवाज करत नाही असा तिचा शोध आहे. त्या वेळी आमच्याकडे पंखासुद्धा दबकून फिरतो. आणि अशा शांततेत दारामागच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली फरशीवर पडली.

त्या किल्लीला एक पितळी लिफ्ट अडकवलेली आहे. अंगठ्याएवढी, इवलंसं दार उघडणारी. बाबा निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं दिलेली. बाबा एकतीस वर्षं लिफ्ट तपासनीस होते. लिफ्ट चढते का, हे कुणीही सांगेल. ती थांबते का, हे बघणं बाबांचं काम. त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींचे त्यांनी दोन भाग केलेत, थांबणाऱ्या आणि न थांबणाऱ्या. लहानपणापासून मी दुसऱ्या भागात मोडते.

बाळानं ओठ हलवले, स्वप्नातलं दूध पिऊन टाकलं आणि कूस बदलली. मी किल्ली उचलली. तेव्हाच ती खिळ्याला परत अडकवून मोकळी झाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी ती हातात धरून विचार करत बसले. दोन मुलांच्या आईनं दुपारी रिकाम्या हातांनी विचार करू नये, आणि भरल्या हातांनी तर मुळीच नाही.

विचार बाबांच्या डोळ्यांचा होता.

गाडी बाबांची. माझ्याहून एका वर्षानं लहान, म्हणजे गाडीच्या हिशोबात पणजी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि मला नव्हे, गाडीच्या बॉनेटला म्हणाले, "सांभाळ हिला." त्याला वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन करून टाका. बाबा म्हणत होते, करू की. आणि फोनवर आमचा संवाद दर आठवड्याला असा व्हायचा:

"बाबा, तारीख घेऊ का?"

"घे. पण मी जाईन तर माझ्या गाडीनं. भाड्याच्या गाडीवाल्याला माझ्या गुडघ्यांचं काय पडलंय?"

"बरं, मी येते न्यायला."

"तू चालवणार असशील तर मी त्या गाडीत बसणार नाही."

"मग कोण चालवणार?"

"मी."

"अहो, तुम्हाला दिसत नाही!"

"म्हणून तर ऑपरेशन करायचंय ना."

या गोल रस्त्यावरून आम्ही बापलेक अकरा महिने फिरत होतो. त्या सोमवारी मात्र डॉक्टरीणबाईंनी स्वतः मला फोन केला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार मोकळा आहे, म्हणाल्या. याही वेळी टाळलंत तर मोती इतका कडक होईल की मग ऑपरेशन सोपं राहणार नाही, आणि नजर किती परत येईल याची हमी मी देणार नाही. गेल्या खेपेला बाबांनी मोठीला जवळ घेऊन "केस छान कापलेत" असं कौतुक केलं होतं. ती मोठी नव्हती. सोफ्यावरची उशी होती.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन बाबांना फोन लावला आणि कुजबुजत विचारलं, "तुम्ही माझ्या शेजारी का बसत नाही, खरं सांगा. माझं चालवणं वाईट आहे?"

"तुझ्या चालवण्याबद्दल तक्रार नाही. ब्रेकबद्दल आहे."

हे मात्र खरं. आमच्या गाडीला जुन्या पद्धतीचे ब्रेक. चारी चाकांना बंद डब्यातले, त्यांना ड्रम म्हणतात. ते एका दाबात लागत नाहीत. दोनदा हलकेच दाबायचं आणि तिसऱ्यांदा जोरात. बाबांनी मला शिकवलं ते असं: "दोन विनवण्या आणि एक हुकूम." मी अठराव्या वर्षापासून तशीच चालवते. मी विनवण्या करायला लागले की शेजारच्या सीटवर बाबाही उजवा पाय तीनदा दाबायचे. त्यांच्या बाजूला अर्थातच काही नाही, नुसतं रबरी मॅट. पण दाबायचे. आणि गाडी थांबली की दोघंही सुस्कारा सोडायचो, श्रेय वाटून घेतल्यासारखा.

"नवे ब्रेक बसवले तर बसाल?"

"कसले?"

"डिस्क. हल्लीच्या गाड्यांना असतात तसले."

तिकडे शांतता. एखादी लिफ्ट तळमजल्यावरून सहाव्या मजल्यावर जाऊन थांबेल इतकी.

"बघू," बाबा म्हणाले.

आमच्या माहेरी 'बघू' म्हणजे सहीशिक्क्यासकट होकार. माझ्या हातात अकरा दिवस होते.

नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो चांगला माणूस आहे, पण कुठल्याही संकटात आधी व्हिडिओ बघतो. त्यानं एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक हसतमुख माणूस सत्तावीस मिनिटांत चारी ब्रेक बदलत होता.

"बघ, सोपं आहे," नवरा म्हणाला.

"त्याच्या कडेवर कुणी होतं का?" मी विचारलं.

त्यानं परत बघितलं. नव्हतं.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट गुप्त ठेवायची असेल तर ती करायचीच नाही, हा एकच उपाय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर वही, टेप आणि खडूचा डबा घेऊन हजर. ते बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवायचे आणि निवृत्तीनंतर आमच्यावर प्रयोग करतात.

"ब्रेक बदलणार म्हणे? उत्तम. पण आधीचं मोजमाप कुठाय?"

"कसलं मोजमाप, सर?"

"आधी किती अंतरात थांबते आणि नंतर किती अंतरात थांबते! नाही तर सुधारणा झाली हे सिद्ध कसं करणार तुम्ही?"

मला काहीच सिद्ध करायचं नव्हतं, पण हेडमास्तरांसमोर मी पटकन सातवीत जाते. त्यांनी गल्लीत खडूनं आडव्या पाच रेघा मारल्या. पहिलीवर ब्रेक दाबायचा, दुसरीवर थांबणं अपेक्षित. मी पहिल्या रेघेवर विनवणी सुरू केली. दुसऱ्या रेघेवर दुसरी विनवणी झाली. तिसऱ्या रेघेवर हुकूम सुटला. चौथ्या रेघेवर गाडीनं तो ऐकला, आणि पाचव्या रेघेपलीकडे, तळमजल्यावरच्या वहिनींच्या कुंडीला टेकून, तिनं तो मानला.

कुंडी फुटली. हेडमास्तरांनी वहीत लिहिलं, 'कुंडी, नग एक.'

वहिनी बाहेर आल्या. कुंडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कमालीच्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे गं. आमच्या ह्यांनीही ब्रेक बदलले होते. आठ दिवसांत गाडी विकली."

"का?"

"ते मी नाही सांगणार. तुझा उत्साह जाईल." आणि त्या आत गेल्या. आजतागायत त्यांनी कारण सांगितलेलं नाही.

मेकॅनिककाकांचं गॅरेज नाक्यापलीकडे. बारीक चणीचा, शांत माणूस. त्यांना 'नाही' हा शब्द येत नाही. ते म्हणतात, "होतंय की." पहिल्या दिवशी मला हे फार आश्वासक वाटलं. तिसऱ्या दिवसापर्यंत हे दोन शब्द ऐकले की मी आधी पर्स चाचपायला लागले.

बाळ कडेवर आणि मोठी हाताला धरून मी गेले. काकांनी गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि माझ्या खांद्यावरून मागे कुणाला तरी शोधलं.

"साहेब?"

"साहेब ऑफिसात आहेत. गाडी माझी आहे."

"हां हां. म्हणजे साहेबांना एकदा विचारून..."

मी तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावून स्पीकरवर टाकला. "मेकॅनिककाका विचारतायत, पुढे डिस्क बसवू का." पलीकडून नवरा प्रामाणिकपणे म्हणाला, "डिस्क म्हणजे ती गोल असते तीच ना?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून त्यांनी सगळं मलाच विचारलं. अपमान भरून निघाला असं म्हणता येणार नाही, पण त्याची वाटणी झाली.

"होतंय की, ताई," काका म्हणाले. "पुढच्या दोन चाकांना डिस्क. याच कंपनीच्या नंतरच्या मॉडेलचा सेट बसतोय. फक्त एक छोटंसं आहे."

एक छोटंसं असं होतं की नव्या डिस्क जुन्या चाकांत मावत नव्हत्या. मग एक माप मोठ्या रिम आल्या. मोठ्या रिमना जुने टायर चढेनात, मग टायर आले. पुढची चाकं मोठी आणि मागची लहान केल्यावर गाडी आकाशातल्या तारका बघत असल्यासारखी दिसायला लागली, मग मागचीही बदलली. मग जुनी स्टेपनी निरुपयोगी, म्हणून नवी स्टेपनी. आणि नवी स्टेपनी डिकीतल्या तिच्या खळग्यात मावेना.

"होतंय की. ती वर ठेवू."

मग नव्या ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा एक काळा डबा लागतो, बूस्टर नावाचा. तो पुढे बसवायचा तर तिथे बॅटरी बसलेली. "होतंय की. बॅटरी डिकीत घेऊ." बॅटरी डिकीत गेली. तिच्याबरोबर स्टेपनी मावेना. स्टेपनी मागच्या सीटवर आली. बाळाची ढकलगाडी, जी डिकीत राहायची, ती बेघर झाली. एका माणसाला घरापासून दवाखान्यापर्यंत नेऊन आणण्यासाठी ही सगळी हलवाहलव चालली होती.

मोठीला मात्र स्टेपनी फार आवडली. तिनं तिला मधल्या जागेवर बसवून पट्टा लावला आणि मला बजावलं, "आई, जोरात वळू नकोस, हिला मळमळतं."

बुधवारी काकांनी पुढच्या दोन्ही सीटसमोरची मॅट धुवायला काढली. दोन्ही मॅट उन्हात शेजारी शेजारी ठेवून ते कमरेवर हात देऊन उभे राहिले.

"ताई, तीस वर्षं गाड्या बघतोय. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट झिजलेलं असतं. तुमच्याकडे शेजारच्या बाजूचं फाटलंय. टाचेचा खड्डा पडलाय बघा, पार आरपार. तिकडं काय दाबता तुम्ही?"

"माझे बाबा ब्रेक दाबतात."

काकांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला. "लागतो?"

"त्यांच्या मते, त्यांच्यामुळेच लागतो."

"मग हे मॅट नवं नको घालायला," काका म्हणाले आणि ते होतं तसं, खड्ड्यासकट, उन्हात सरळ करून ठेवलं. मला काय झालं कोण जाणे, मी बाळाचं नाक पुसायला लागले. बाळाचं नाक कोरडं होतं.

गुरुवारी ब्रेकमधली हवा काढायची होती. नळ्यांत नवं तेल भरलं की त्यात हवेचे बुडबुडे राहतात, ते काढल्याशिवाय ब्रेक स्पंजासारखा लागतो. त्याला दोन माणसं लागतात, एक आत बसून पाय दाबणारा आणि एक चाकाशी बसून हवा सोडणारा. काकांचा मदतनीस रजेवर होता.

"होतंय की. तुम्ही बसा आत."

मी बसले. मांडीवर बाळ. काका चाकाशी. "दाबा... दाबा... दाबा... धरा. सोडा." पुन्हा. "दाबा... दाबा... दाबा... धरा. सोडा." चारी चाकं, अर्धा तास. आणि माझा हा मुलगा, ज्याला घरी अंगाई, पाळणा, पंखा, पाण्याचा नळ आणि माझे अश्रू हे सगळं मिळून पाऊण तास लागतो, तो दुसऱ्याच चाकाला गाढ झोपला. तेव्हापासून मी त्याला घरी तसंच झोपवते. कुणी पाहुणा आला की त्याला वाटतं, आतल्या खोलीत मी कुणाला तरी दटावतेय.

गाडी तयार झाली. अजून आठ दिवस हातात होते आणि मी फारच खुशीत होते. तेवढ्यात हेडमास्तर जिन्यात भेटले.

"नोंद केलीत ना?"

"कसली, सर?"

"गाडीच्या कागदांवर! ब्रेक बदलला, चाकांचं माप बदललं. नोंद नसेल तर बेकायदेशीर. वडिलांना बेकायदेशीर गाडीतून दवाखान्यात नेणार?"

बाबांना तर एक दिवस उशिरा शिक्का मारलेली लिफ्टही चालत नाही. मी सोमवारी सकाळी मुलांना घेऊन वाहन कार्यालयात गेले.

तिथली सात नंबरची खिडकी. खिडकीमागे स्वेटर घातलेले, चष्मा कपाळावर असलेले एक साहेब. त्यांनी फॉर्म उघडला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "बदलाचं कारण रिकामं आहे."

मी लिहिलं, 'आधीचे ब्रेक नीट लागत नव्हते.'

साहेबांनी वाचलं आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "म्हणजे ब्रेक नीट लागत नसलेली गाडी तुम्ही रस्त्यावर चालवत होता?"

"हो... म्हणजे, वर्षभर."

"हे तुम्ही लेखी कबूल करताय. मला यावर कारवाई करावी लागेल."

मी घाईघाईनं खोडून लिहिलं, 'आधीचे ब्रेक उत्तम होते.'

"मग बदलले का?"

"अधिक चांगले हवे होते म्हणून."

"उत्तम ब्रेक असताना विनाकारण बदल करायला परवानगी नाही, मॅडम. नियम अठरा."

"म्हणजे ब्रेक वाईट असले तर मी गुन्हेगार आणि चांगले असले तर बदलता येणार नाहीत?"

"बरोबर," साहेब समजूतदारपणे म्हणाले. "लोक सहसा इथूनच परत जातात."

मी परत जाणार नव्हते. एका कडेवर बाळ, ते फॉर्मचा कोपरा खात होतं. मोठी खिडकीच्या कठड्याला लटकून साहेबांच्या टेबलावरचे शिक्के मोजत होती. शुक्रवार चार दिवसांवर होता. माझा आवाज चढला, आणि मी त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं. मोतीबिंदू, उशी, लिफ्ट, दोन विनवण्या, फाटलेलं मॅट, सगळं. मागे रांगेत सात माणसं होती. ती आधी चुळबुळ करत होती, मग ऐकायला लागली. बॅटरी डिकीत गेली तिथे एकजण हळहळलासुद्धा.

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. "माझी आई बागेतल्या झोपाळ्यावर बसायची नाही," ते म्हणाले. "म्हणायची, साखळी कुणी तपासली?" मग त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला आणि सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं: 'मूळ मालकाच्या मनाच्या समाधानासाठी.' खाली एक गोल शिक्का, एक चौकोनी शिक्का. "यावर नियम नाही. म्हणजे मनाई पण नाही."

रांगेतून कुणीतरी "वा!" म्हटलं. मला उगाच कीर्ती मिळाल्यासारखं वाटलं आणि मी त्या भरात बाळाची टोपी तिथेच विसरून आले.

गुरुवारी संध्याकाळी गल्लीत शेवटची चाचणी. पुन्हा पाच रेघा. वहिनींनी उरलेल्या कुंड्या आत घेतल्या होत्या. शेजारच्या सीटवर मेकॅनिककाका, मागे मोठी, पट्टा लावलेली स्टेपनी, आणि वही उघडून बसलेले हेडमास्तर. सरांचा पट्टा स्टेपनीनं व्यापला होता, म्हणून ते बिनपट्ट्याचे.

आता मी काय केलं ते सांगते, आणि कृपा करून हसू नका. गाडीचे ब्रेक बदलले होते, पण माझा पाय जुनाच होता. पहिली रेघ आली आणि मी सवयीनं पहिली विनवणी केली.

गाडी थांबली. म्हणजे, गाडी तिथेच थांबली, बाकी सगळं पुढे गेलं. मोठी आणि स्टेपनी पट्ट्यांत होत्या. हेडमास्तर नव्हते. ते दोन सीटच्या मधून अर्धे पुढे आले, खडूचा डबा फुटला, आणि पांढऱ्या धुराळ्यात गियरच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ते क्षणभर तसेच राहिले. मी घाबरून दुसरी विनवणी केली. थांबलेली गाडी आणखी काय थांबणार?

"सर! लागलं का?"

"अंतर," हेडमास्तर खडू झटकत म्हणाले, आणि त्यांचा आवाज थरथरत होता, पण भीतीनं नव्हे, "अंतर अर्ध्या रेघेहून कमी! अद्वितीय!"

मेकॅनिककाका शांतपणे म्हणाले, "ताई, आता विनवायचं नाही. एकदाच, हळू सांगायचं. ऐकते ती."

तेरा वर्षांची सवय एका रात्रीत जाते का? घरी येऊन मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसले, मोठीची चप्पल पायाखाली घेतली आणि सराव सुरू केला. एकदाच. हळू. मोठी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिनंही पाय दाबायला सुरुवात केली. तीनदा.

"तू का दाबतेस?"

"मी आजोबा आहे."

शुक्रवारी सकाळी नवऱ्यानं रजा घेऊन बाळाला ठेवून घेतलं. (निघताना मागून "दाबा... दाबा... धरा..." असं ऐकू येत होतं.) मोठीच्या शाळेला सुट्टी होती, तिनं आणि स्टेपनीनं मागची जागा घेतली.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे होते. गाडीजवळ आले, पण आत बसले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून पुढच्या चाकाशी वाकले आणि नाक जवळजवळ टायरला लावून डिस्क पाहिली. बोटानं चाचपली. मग हात पुढे केला. "कागद?"

मी कागद दिला. तो डोळ्यांच्या इतका जवळ धरला की कपाळाला टेकला. एकेक अक्षर लावत वाचलं. मूळ. मालकाच्या. मनाच्या. समाधानासाठी.

"समाधान झालं की नाही, ते कोण ठरवणार?"

"मूळ मालक."

त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि दार उघडून बसले. बसताना त्यांचा उजवा पाय आपोआप त्या मॅटवरच्या खड्ड्यात गेला.

दवाखान्याच्या आधी एक लांब उतार आहे, खाली चौक. याच उतारावर मी चालवायला शिकले. उतार लागला आणि बाबांचे दोन्ही हात सीटच्या कडेला गेले. अर्ध्यात आलो आणि एक कुत्रं, अगदी निवांत, जणू त्याच्या नावावर रस्ता असल्यासारखं मध्ये आलं. मी एकदाच दाबला. हळू.

गाडी थांबली. कुणी पुढे गेलं नाही. कुत्र्यानं आमच्याकडे बघितलं आणि निघून गेलं.

शेजारी बाबांचा पाय अजून दाबलेला होता. एकदाच दाबलेला. त्यांनी तो हळूच उचलला, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरा लागला."

कुणाचा, ते मी विचारलं नाही.

दवाखान्यात लिफ्ट होती. बाबांनी आत शिरण्याआधी भिंतीवरच्या तपासणीच्या कागदावरचे तारखेचे आकडे मोठीकडून वाचून घेतले आणि म्हणाले, "चला." ऑपरेशनला वीस मिनिटं लागली. मला ती अकरा महिन्यांसारखी गेली. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "छान झालं. वेळेत आलात." मी मोठीला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, सोडा."

परतताना बाबांच्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि डावाही त्यांनी मिटलेला. डोकं मागे टेकवलेलं. झोप लागली असावी असं वाटलं. मी अगदी सावकाश निघाले. पुढे चौकात दिवा लाल झाला, मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि नेमक्या त्याच क्षणी, डोळे मिटलेले असताना, शेजारच्या फाटक्या मॅटवर बाबांचा पायही हळूच खाली गेला.

मागून मोठी पुढे वाकली. बराच वेळ ती त्या पायाकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, तिच्या मानानं अगदी हळू आवाजात, "आजोबांच्या बाजूला तर ब्रेकच नाहीये."

"नाहीये."

"मग ते इतकी वर्षं काय थांबवत होते?"